उत्तराला जागा ठेवा: कोल्हापूर जिल्ह्यातील बालसेवांच्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महिला व बालविकास, आरोग्य आणि प्राथमिक शिक्षण विभागांचे अधिकारी,
जिल्हा बाल संरक्षण कक्ष,
तसेच कोल्हापूर व इचलकरंजी महापालिकांचे संबंधित अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

बाळ दवाखान्यात जन्मलं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना पुन्हा येतात. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतं. लसीकरणाच्या खेपा वेगळ्याच. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत त्याचं घर आणि आपली यंत्रणा निदान कागदावर तरी शंभरेक वेळा समोरासमोर येतात.

एवढं असूनही अंगणवाडीतून बाहेर पडणाऱ्या आईला विचारून पाहा, "आज काय सांगितलं? पुढं कधी यायचं? कशासाठी?" बऱ्याचदा उत्तर येतं, "वजन केलं." बस्स. यात आईचा दोष नाही आणि सेविकेचाही नाही. आपली सगळी बांधणीच निरोप खाली पोचवण्यासाठी केलेली आहे. आयुक्तालयातून प्रकल्प कार्यालयाकडे, तिथून पर्यवेक्षिकेकडे, तिच्याकडून सेविकेकडे आणि शेवटी आईकडे. घरातून उलट काही वर जायचं म्हटलं तर त्यासाठी रकाना नाही, वेळ ठरलेली नाही आणि ऐकून घेणारं माणूसही नेमलेलं नाही. हे पत्र त्या उलट्या वाटेबद्दल आहे. आम्ही सगळे याच कामातली माणसं आहोत. खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टींना नवा निधी लागत नाही.

सुरुवात वजनापासून करतो, कारण कुटुंबाशी बोलण्याची सगळ्यात जास्त संधी तिथं आहे आणि सगळ्यात जास्त वाया जाते तीही तिथंच.

वजनाच्या दिवशी पंधरा-वीस बाया एकाच खोलीत बसलेल्या असतात. काट्यावर मूल ठेवलं जातं, आकडा मोठ्यानं वाचला जातो आणि त्यावर शेरा येतो, "कमी भरलं." कधी "सॅममध्ये आलंय" (म्हणजे तीव्र कुपोषित), कधी "लाल लागलंय" (म्हणजे वाढीच्या तक्त्यातल्या लाल पट्ट्यात). आई ते पोषणाची माहिती म्हणून ऐकत नाही. चारचौघींत आपल्याला नाव ठेवलं, एवढंच तिला कळतं. शेजारीण ऐकते, घरी सासूला कळतं आणि पुढच्या महिन्यात आई वजनाच्या दिवशीच नेमकी माहेरी गेलेली असते. नोंदीत मात्र "गैरहजर" लागतं.

याच्या जागी काय करायचं? आकडा आईच्या शेजारी बसून, हळू आवाजात सांगायचा आणि तो एकटा सांगायचा नाही. गेल्या महिन्याचा आकडा सोबत हवा. "गेल्या महिन्यात ८ किलो २००, आजही ८ किलो २००. महिनाभर वाढ थांबली आहे. मधे ताप आला होता का? जुलाब? दूध तुटलं का?" हा प्रश्न विचारून थांबायचं. अर्धा मिनिट गप्प राहिलं तरी चालेल, पण उत्तर आईकडूनच येऊ द्यायचं. नव्या जोमानं आहाराचं व्याख्यान सुरू करायचा मोह तिथं आवरावा लागतो. पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात निरोगी बाळ महिन्याला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम वाढतं, दुसऱ्या वर्षात साधारण २०० ग्रॅम. हे माहीत असलेल्या आईला माता-बाल संरक्षण कार्डावरची वाढीची रेघ स्वतः वाचता येते. रेघ वर चढते आहे, आडवी झाली आहे की खाली वळली आहे, एवढं तिला बोट ठेवून दाखवलं तर रंग कोणता लागला याला फार महत्त्व उरत नाही. हिरव्या पट्ट्यात असलेलं पण दोन महिने आडवं चाललेलं मूल आज कुणाच्याच नजरेत येत नाही. आईच्या ते आधी लक्षात येईल.

पण त्यासाठी आकडा खरा हवा. काटा शून्यावर आणायचा राहतो. थंडीत स्वेटर-टोपरं अंगावर तसंच राहतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाची लांबी झोपवून मोजायची असते, ती उभं करून घेतली तर साधारण ०.७ सेंटिमीटरनं कमी येते. मूल रडतंय म्हणून गुडघे सरळ न करता फळी लावली जाते. मग या महिन्यात मूल गेल्या महिन्यापेक्षा बुटकं निघतं. आईला ते दिसतं आणि तिचा पुढच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास बसत नाही. दोन्ही पायांवर सूज असलेल्या मुलाचं वजन तर मुळातच फसवं असतं. दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबून खळगा राहतो का, हे आईसमोर पाहावं आणि का पाहतो तेही सांगावं. दंडाच्या घेराची पट्टीही अशीच तिच्या हातात द्यावी. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तातडीनं दाखवायचं, ११.५ ते १२.५ म्हणजे लक्ष ठेवायचं. ही पट्टी आईला लावायला शिकवणं दहा मिनिटांचं काम आहे.

आहाराच्या सल्ल्यात सगळ्यात मोठा घोळ 'वाटी' या शब्दाचा आहे. "नऊ महिन्यांच्या बाळाला दिवसातून तीन-चारदा अर्धी वाटी" असं आपण सांगतो. आपल्या मनातली वाटी २५० मिलिलिटरची असते. घरातली आमटीची वाटी त्याच्या निम्मी भरते. आई प्रामाणिकपणे अर्धी वाटी भरवते आणि बाळाला पोचतं पाव वाटीच. म्हणून प्रत्येक अंगणवाडीत २५० मिलिलिटरची खूण केलेली एक वाटी असावी आणि आईनं आपल्या घरातली वाटी एकदा आणून पाण्यानं मोजून बघावी. तिच्या घरची किती वाटी द्यायची ते तिच्या कार्डावर लिहावं. सल्लाही घरात शिजणाऱ्या अन्नाचाच हवा. गगनबावडा-राधानगरीकडे नाचणी आहे, शिरोळ-हातकणंगल्याकडे ज्वारी-गहू आहे, बहुतेक घरांत दूध, शेंगदाण्याचं कूट आणि अंडं आहे. आमटीचं वरचं पाणी भरवण्याऐवजी खालची घट्ट डाळ भाकरीत कुस्करून वर चमचाभर तेल किंवा तूप, हे एक वाक्य छापील तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आता संदर्भ सेवा, म्हणजे मुलाला पुढच्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवणं. आमच्या मते कुटुंबाचा विश्वास इथं तुटतो, म्हणून इथं थोडं थांबून लिहितो.

अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाला एखाद्या मुलात काही वेगळं दिसतं. चिठ्ठी लिहिली जाते, बहुधा इंग्रजीत आणि घाईच्या अक्षरात. "हे घेऊन कोल्हापूरला जा." चंदगड तालुक्यातल्या कुटुंबासाठी कोल्हापूर म्हणजे एका बाजूचा शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास आणि दोघांचा बुडालेला रोजगार. तिथं पोचल्यावर कळतं की तो विभाग आज नसतो, किंवा केसपेपरची वेळ संपली, किंवा रेशनकार्ड लागतं ते घरी राहिलं. एकदा असं हात हलवत परत आलेलं कुटुंब दुसऱ्यांदा सहसा निघत नाही. आपल्या अहवालात मग एक ठरलेला शेरा पडतो: "पालक तयार नाहीत."

हा शेरा बंद करावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. त्या जागी खरं कारण लिहिण्याची सक्ती करा. भाड्याला पैसे नव्हते. धाकट्याला सांभाळायला कुणी नव्हतं. भाताची लावण चालू होती. ऑपरेशनची भीती वाटली. मागच्या खेपेला तपासणी न होता परतावं लागलं. सासरे नको म्हणाले. यातल्या प्रत्येक कारणावर वेगळा इलाज आहे. "पालक तयार नाहीत" यावर कसलाच इलाज नाही.

चिठ्ठी मराठीत, छापील आणि दोन भागांची असावी. वरच्या भागात मुलाला कशासाठी पाठवतोय ते एका साध्या वाक्यात, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत, कोणते कागद न्यायचे, उपाशी जायचं की खाऊन, किती वेळ लागेल, खर्च येईल का आणि अडलं तर कोणाला फोन करायचा. खालचा भाग परतीचा. तिथल्या डॉक्टरांनी दोन ओळींत काय आढळलं, घरी काय करायचं आणि पुढची तारीख लिहायची. हा तुकडा कुटुंबानं सेविकेला आणून द्यायचा. ठरलेल्या तारखेनंतर सात दिवसांत सेविका किंवा आशाताईंनी घरी विचारायचं, "जाऊन आला का? काय म्हणाले?" हे विचारलं जाणार आहे हे कुटुंबाला आधीच माहीत असेल, तर जाणाऱ्यांची संख्या वाढते.

तयारीची माहिती किती बारीक लागते, याची दोन उदाहरणं देतो. लहान बाळाच्या श्रवणाची बेरा तपासणी बाळ गाढ झोपलेलं असताना करावी लागते. हे न सांगता पाठवलं तर बाळ एसटीत मांडीवर झोपून घेतं आणि तपासणीच्या खोलीत टक्क जागं असतं. तपासणी होत नाही, पुढची तारीख मिळते. चिठ्ठीवर एवढंच हवं: "प्रवासात बाळाला शक्यतो झोपू देऊ नका, तिथं पोचल्यावर दूध पाजून झोपवा, आवडती दुपटी बरोबर न्या." ऐकू न येण्याचं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असं मानलं जातं. बेराची एक खेप वाया जाणं म्हणजे त्या सहा महिन्यांतला एखादा महिना जाणं.

दुसरं उदाहरण जन्मतः वाकड्या पावलांचं. प्लास्टर दर आठवड्याला बदलायचं असतं, साधारण पाच ते सात वेळा. नंतर बऱ्याच बाळांच्या टाचेमागची शीर लहानशा शस्त्रक्रियेनं सैल करतात. मग पट्टीला जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि पुढे रात्री झोपताना, मूल चार वर्षांचं होईपर्यंत. हे सगळं पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर काय होतं? तिसऱ्या-चौथ्या प्लास्टरनंतर पाऊल डोळ्यांना सरळ दिसतं, घरचे म्हणतात "झालं की बरं," आणि येणं थांबतं. किंवा बूट रात्री बाळाला रडवतात म्हणून काढून ठेवले जातात. वर्षभरात पाऊल पुन्हा वळतं आणि कुटुंब म्हणतं, उपचाराचा काही उपयोग झाला नाही. उपचार योग्य होता. त्याचा सगळा नकाशा घरच्यांसमोर पहिल्या दिवशी ठेवला गेला नाही.

तीव्र कुपोषित बाळांवर उपचार होतात त्या पोषण पुनर्वसन केंद्रात आई-बाळाला साधारण चौदा दिवस राहावं लागतं. आपण आईला विचारतो आणि ती नको म्हणते. आपल्या जिल्ह्यात त्या नकारामागं फार वेळा गोठा असतो. सकाळ-संध्याकाळ धार कोण काढणार, डेअरीला दूध कोण घालणार? म्हशीला परक्याचा हात चालत नाही, हे इथं कुणाला सांगायची गरज नाही. दुधाचं बिल हाच त्या घरातला बाईच्या हातात येणारा पैसा असतो. तेव्हा हा विषय एकट्या आईशी बोलून सुटणार नाही. सासू, नवरा, शक्य तर शेजारची जाऊ अशा सगळ्यांना बसवून "चौदा दिवस धार कोण काढेल?" इथून बोलणं सुरू करावं लागेल. बुडालेल्या मजुरीपोटी आईला तिथं भत्ता मिळतो, हेही त्याच बैठकीत सांगावं. बाळाच्या धोक्याची गोष्ट त्यानंतर करावी, ती तेव्हा ऐकली जाते.

निदान सांगण्याची रीत हा आणखी एक नाजूक भाग. मुलाची वाढ मागे आहे, त्याला ऐकू येत नाही किंवा स्वमग्नता असू शकते, हे व्हरांड्यात, रांगेत, दुसऱ्या पेशंटच्या कागदावर सही करताकरता सांगायचं नसतं. खोलीचं दार लावून, बसून, शक्यतो आईबाप दोघांना एकत्र सांगावं. मुलाला आज काय येतं ते आधी, काय येत नाही ते नंतर आणि उद्या काय करायचं ते शेवटी. पहिल्या दिवशी कुटुंबाच्या डोक्यात फारसं काही शिरत नाही, म्हणून आठवड्याच्या आत दुसरी भेट ठरवूनच त्यांना उठू द्यावं. "मतिमंद" हा शब्द अजूनही तोंडात येतो, तो सोडायलाच हवा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला आणि त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. प्रमाणपत्र कशासाठी, ते काढल्यानं मुलावर शिक्का बसतो का, शाळेत घेतील का, हे प्रश्न कुटुंबाच्या मनात असतातच. त्यांनी विचारायची वाट न बघता आपणच ते काढावेत. आणि आई म्हणते "अजून बोलत नाही," तेव्हा "बाप पण उशिरा बोलला असेल" असं म्हणून तिला घरी पाठवू नये. वर्षाचं मूल नावानं हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षात एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, यापैकी काहीही असेल तर आधी कान तपासायचे. आईची शंका ही या साऱ्या यंत्रणेतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर मिळणारी चाचणी आहे.

लसीबद्दल थोडक्यात. कोणती लस दिली, पुढची कधी, काय त्रास होऊ शकतो, कार्ड जपून ठेवा: हे चार निरोप प्रत्येक आईला द्यायचे, हे प्रशिक्षणात शिकवलेलंच असतं. गर्दीत तिसरा गळतो. दीड महिन्याच्या लसीनंतर रात्री ताप आला, मांडी सुजली आणि कुणी आधी सांगितलेलं नसेल, तर अडीच महिन्यांची लस घ्यायला ते घर येत नाही. ताप येऊ शकतो, औषध किती द्यायचं, कधी मात्र दवाखाना गाठायचा, हे सुई टोचण्याच्या आधी सांगा. नंतर बाळ रडत असतं, आई काही ऐकत नाही.

आता मोबाईल. पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं अॅप २०२१ साली आलं आणि जुलै २०२५पासून घरी न्यायचा आहार घेताना चेहरा जुळवणं आलं. व्यवस्थेच्या बाजूनं त्याची कारणं आहेत, पण ती कुटुंबाला सांगितली गेलेली नाहीत. एकीकडे बँक सांगते ओटीपी कुणाला देऊ नका, दुसरीकडे सेविका ओटीपी मागते. आई बिचकणारच. शिवाय नोंदवलेला नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा दिराचा असतो. तो एमआयडीसीत कामावर असतो आणि ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. घाटाकडच्या वाड्यांत रेंज नाही, बाळंतपणानंतर चेहरा उतरलेला असतो, जुना फोटो जुळत नाही. आई तीनदा येते आणि तीनदा पाकिटाशिवाय परत जाते. आमची विनंती अशी की अंगणवाडीच्या दारावर मोठ्या अक्षरात एक कागद लावा: चेहरा आणि ओटीपी कशासाठी लागतो, तो फक्त अंगणवाडीतच आणि फक्त आहार घेताना सांगायचा, फोनवर कुणी मागितला तर द्यायचा नाही आणि जुळलं नाही तर कुणाकडे जायचं. दर सहा महिन्यांनी "हा फोन दिवसा कुणाच्या हातात असतो?" हा प्रश्न विचारून नंबर तपासा. नंबराची नोंद आहे, पण तो आईपर्यंत पोचतो का याची नोंद कुठेच नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री नऊ वाजता पाच पानी पीडीएफ टाकणं म्हणजे कळवणं नव्हे. आई बोलून ऐकवलेला पाऊण मिनिटाचा निरोप ऐकते, तोही सेविकेच्या ओळखीच्या आवाजातला. एका निरोपात एकच गोष्ट, वार आणि वेळेसह. एक गोष्ट मात्र ताबडतोब थांबली पाहिजे: तीव्र कुपोषित मुलांच्या नावानिशी याद्या आणि मुलांचे फोटो ग्रुपवर टाकणं. फोटोला आईची परवानगी वेगळी विचारावी आणि ती नको म्हणाली तर आहार किंवा सेवा अडू नये. बाल न्याय कायद्याच्या कक्षेत आलेल्या मुलाची ओळख उघड करायला तर कलम ७४ प्रमाणे मनाईच आहे.

भेटीची वेळ हा साधा मुद्दा आहे आणि तोच सगळ्यात जास्त चुकतो. पालक सभा सकाळी अकराला ठेवली की आई रानात असते आणि बाप कामावर. गावात दिवसातून दोन वेळा जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी एका ठिकाणी हमखास येतं, ते म्हणजे दूध संकलन केंद्र. तिथल्या फळ्यावर पुढच्या लसीकरणाचा आणि वजनाचा वार लिहायला काय अडचण आहे? संध्याकाळचं दूध घालून झाल्यावर अर्ध्या तासाची बैठक घेतली तर त्यात बाप्येही बसतील, जे आज आपल्या कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडत नाहीत.

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आणि इतर भागांतून टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांपर्यंत, म्हणजे झोपड्यांपर्यंत, पोचताना सगळं बोलणं मुकादमामार्फत होतं. मुकादम म्हणतो, "मुलं नाहीत जास्त." कोयत्यामागं, म्हणजे ऊस तोडणाऱ्या प्रत्येक जोडीमागं, किती मुलं आहेत हे कोपीतल्या बाईलाच विचारायला हवं आणि पहिला प्रश्न "गावाकडचं कार्ड आणलंय का?" हा हवा. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतरित कुटुंबाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत वळवता येते, पण ते कुटुंबाला माहीत नसतं. आहार गावाकडेच अडकलाय असं ते धरून चालतात. हंगाम संपताना परत जाणाऱ्या आईच्या कार्डावर इथं दिलेल्या लशी आणि शेवटचं वजन लिहिलं गेलं, तर तिकडच्या सेविकेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. टोळीत काही जण घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. इचलकरंजीत यंत्रमागाच्या कामावरच्या वस्त्यांत हिंदी, तर शिरोळ, गडहिंग्लज, चंदगडच्या सीमेवरच्या गावांत कन्नड. तिथले निरोप संगणकावर भाषांतर करून छापू नका. त्याच वस्तीतल्या एखाद्या आईला वाचून दाखवा आणि तिला जे कळलं ते तिच्या शब्दांत सांगायला लावा. अडेल तिथं शब्द बदला.

पुराचं तर वेगळं सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे जिल्ह्यातल्या पोरासोरांना पाठ आहे. २०१९ आणि २०२१ साली गावं रिकामी झाली, तेव्हा अंगणवाड्याही पाण्यात होत्या. नदीकाठच्या प्रत्येक अंगणवाडीनं मे महिन्यातच घरोघर एक चिठ्ठी द्यावी: पूर आला तर आहार कुठं मिळेल, लसीकरण कुठं होईल, गरोदर बाईनं कुणाला फोन करायचा. माता-बाल कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून आईच्या किंवा माहेरच्या फोनवर ठेवावा आणि मूळ कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. भिजून गेलेल्या कार्डाबरोबर मुलाचा सगळा इतिहास जातो.

बाल कल्याण समिती आणि बाल संरक्षण कक्ष यांच्याकडून येणाऱ्या पत्रांबद्दल एवढंच म्हणायचं आहे: "अमुक तारखेस समितीपुढे हजर राहावे" एवढ्या एका ओळीनं घर हादरतं. "पोरगं काढून नेतात" ही समजूत सर्वदूर आहे. पत्रात बोलावण्याचं कारण, सोबत कुणाला आणता येईल, गृहभेटीला कोण येणार आणि चौकशीला साधारण किती दिवस लागतात, हे लिहावं. सामाजिक तपासणी अहवाल लिहून झाला की त्यातली घराबद्दलची माहिती कुटुंबाला वाचून दाखवावी आणि त्यांचं म्हणणं त्याखाली नोंदवावं. बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात हे विधवा आईला कुणीतरी सांगितलेलं असतं, पण अर्ज कुठल्या टप्प्यावर अडलाय हे कळायला तिला दरवेळी कोल्हापूर गाठावं लागतं. महिन्यातून एक ठरलेला दिवस आणि एक ठरलेला फोन, ज्यावर अर्ज क्रमांक सांगितला की स्थिती कळेल, एवढ्यानं तिच्या कितीतरी फेऱ्या वाचतील. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा फोन क्रमांक भिंतींवर आहे. फोन लावल्यावर पुढं काय होतं, कोण येतं, तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं का, हे भिंतीवर नाही. म्हणून लोक तो फिरवत नाहीत.

हे सगळं सेविकेच्या डोक्यावर आणखी एक ओझं म्हणून टाकलं तर पहिल्याच महिन्यात बुडेल, हे आम्हाला पक्कं माहीत आहे. ती आधीच माहिती भरते, स्वयंपाक बघते, सर्वेक्षणं करते, दर कार्यक्रमाचे फोटो चढवते. बोलायला वेळ हवा असेल तर काहीतरी काढून घ्यावं लागेल. आमच्या मते आधी काढायची गोष्ट म्हणजे कार्यक्रमाचे फोटो. हळदीकुंकवाच्या ताटाचा फोटो चढवायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात एका आईशी नीट बोलून होतं. पर्यवेक्षिकेनं भेटीत रजिस्टर तपासायच्या आधी त्या अंगणवाडीतल्या कुठल्याही पाच आयांना तीन प्रश्न विचारावेत: बाळाचं गेल्या महिन्यात वजन वाढलं का? पुढं कुठं आणि कधी जायचंय? तुम्ही शेवटचं काय विचारलं होतं आणि त्याचं उत्तर मिळालं का? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पाचपैकी चौघी गप्प बसल्या तर रजिस्टर कितीही नीटनेटकं असो, तिथं काम करायची गरज आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्या वारशाचं नाव आपण प्रत्येक व्यासपीठावर घेतो. सरकारचं धोरण गरिबाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊ शकतं, हे या मातीनं शंभर वर्षांपूर्वी पाहिलं आहे. म्हणून ही अपेक्षा आम्ही आपल्याकडून करतो आहोत.

सुरुवात तीन ठिकाणी सहा महिने करून पाहावी असं आम्ही सुचवतो: गगनबावडा, शिरोळ आणि इचलकरंजी शहर. एक डोंगराळ, एक पुराचा, एक कामगार वस्त्यांचा. दोन भागांची मराठी चिठ्ठी, खूण केलेली वाटी, आईशेजारी बसून वजन सांगणं आणि पाच आयांना विचारायचे तीन प्रश्न, एवढ्या चारच गोष्टी. मोजायचं तेही दोनच: शंभर चिठ्ठ्यांपैकी परतीचे किती तुकडे आले आणि न गेलेल्यांची खरी कारणं कोणती. आकडे लपवू नका, कमी आले तरी सगळ्यांना दिसतील असे लावा.

यावर बोलायला आपण एक बैठक बोलवावी. महिन्याचे वजनाचे आणि लसीकरणाचे दिवस सोडून, दुपारी दोन ते चार, म्हणजे सकाळची धार काढून आलेल्या बायकांना संध्याकाळच्या धारेआधी घर गाठता येईल. अधिकारी आणि आम्ही यांच्याबरोबर प्रत्येक ठिकाणच्या दोन आया, एक सासू आणि एक बाप बोलवावा. त्यांचं एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज विभागानं द्यावा, लहान मुलं सोबत येतील म्हणून एक चटई आणि पिण्याचं पाणी खोलीत असावं. पहिला अर्धा तास त्यांनी बोलावं. टिपण आपल्या विभागातल्या कुणीतरी घ्यावं आणि जाताना त्यांना वाचून दाखवावं.

आपले,
कोल्हापूर जिल्ह्यात बालसेवांच्या कामात असलेले आम्ही काही जण